कोळंबीच्या सालांचा पडदा

मांडवीतल्या लिमयांच्या घरात कधी मासळी शिजली नव्हती. पण २००१ साली सुनेच्या साडीला कोळंबीचा वास येऊ लागला. उल्का कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून ती कोळंबीची सालं आणायची, कॉस्टिक सोड्यात उकळायची, मग आम्लात विरघळवून एका जुन्या, चरा पडलेल्या काचेवर ओतायची. वाळलं की पातळ, पारदर्शक पडदा निघायचा. मिथेनॉलवर वीज देणाऱ्या इंधनघटात तो बसवायचा. हायड्रोजनचे भारित कण पलीकडे सोडायचे आणि मिथेनॉल अडवायचं, हे त्याचं काम. परदेशी पडदा महाग, आणि त्यातून मिथेनॉल झिरपायचं.

"उद्या मोबाइल मिथेनॉलच्या कुपीवर चालतील," ती नवऱ्याला सांगायची.

"चालू देत. साडी तेवढी मागच्या पडवीत धू," हरिहर म्हणायचा.

पुण्याचे डॉ. मेहेंदळे तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. तिसऱ्या वर्षी मिथेनॉलला दाद न देणारा पडदा जमला, तेव्हा ती धावत पुण्याला गेली. सरांनी तो उजेडात धरला. "ठेवून जा. इकडे तपासतो."

पुढे फोन केला की एकच उत्तर, "आकडे जुळत नाहीत." तिने विश्वास ठेवला आणि पुन्हा सालं उकळायला घेतली.

२००५ साली सर तिच्याच कॉलेजात 'इंधनघटांचं भवितव्य' यावर बोलायला आले. पुष्पगुच्छ उल्काच्याच हातून दिला गेला. मग समोर चित्र झळकलं. तिचाच पडदा! तिच्या जुन्या काचेवरचा चरा त्यात जसाच्या तसा उमटलेला. खाली नावं दोन : सरांचं आणि त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं.

ती उठली. "सर, हा पडदा कुठे तयार झाला?"

"आमच्या प्रयोगशाळेत. कोकणातली सालं, पुण्यातलं डोकं!"

सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्याने प्राचार्य हसले.

चहाच्या वेळी सर जवळ आले. "मनाला लावून घेऊ नकोस. शोधनिबंधाच्या आभारांत तुझं नाव आहे."

"आणि ते न जुळणारे आकडे?"

"जुळले होते गं. सांगायचं राहून गेलं."

तिने प्राचार्यांकडे तक्रार केली. "तेच आपल्याला अनुदान मिळवून देणार आहेत, मॅडम," एवढंच ते म्हणाले. पीएच.डी. तिने सोडली. तो पडदाही घटात टिकला नाही. कोरडा पडून तडकायचा. मोबाइल चार्जरवरच राहिले. सर मात्र सरकारी समितीवर गेले.

काही वर्षांनी उर्वी नावाची हुशार मुलगी निकालाचे पेढे घेऊन आली. "मॅडम, मला संशोधनच करायचंय."

"बँकेच्या परीक्षा दे," उल्का म्हणाली.

मुलीचा चेहरा पडला. उल्काने तो पाहिला, आणि तिला जराही वाईट वाटलं नाही.