हेमराजने न म्हटलेला मेडे

एअर फोर्सच्या ट्रान्सपोर्ट स्क्वाड्रनला माझं पोस्टिंग झालं, तेव्हा हेमराज तिथे आधीपासून होता. दोघंही धरणगावचे, एका गल्लीतले. लहानपणी तो आमच्याकडे जेवायला बसला की एका भाकरीवर हात आखडायचा. पोटात भूक असायची, तोंडाने मात्र "पुरे".

त्या दिवशी दुपारी बेसवर पाऊस कोसळत होता. आम्ही पाच विमानं रनवे मोकळा होण्याची वाट बघत वर घिरट्या घालत होतो. हेमराजने टॉवरला विचारलं, "लवकर उतरता येईल का? फ्युएल जरा कमी आहे."

"किती कमी?"

"मॅनेजेबल, सर."

हे असलं सौजन्य आकाशात चालत नाही. 'फ्युएल कमी आहे' म्हणणाऱ्याला रांगेतच ठेवतात. 'मेडे फ्युएल' अशी संकटाची हाक दिलीत की सगळ्यांना बाजूला करून तुम्हाला उतरवतात. पण आमच्या मेसमध्ये मेडे म्हणणाऱ्याची महिनाभर टर उडवायचे. मी शिस्त मोडून रेडिओवर ओरडलो, "हेमराज, मेडे म्हण!"

"अरे, होईल," तो म्हणाला.

नाही झालं. रनवेच्या अलीकडे उसाच्या शेतात विमान पडलं. हेमराज आणि त्याचा को-पायलट, दोघंही गेले.

आता मी एअरलाइनमध्ये कॅप्टन आहे. हवामानाचा अंदाज बिघडलेला दिसला की जास्तीचं इंधन घेतो. वजन वाढतं म्हणून ऑफिस कुरकुरतं. कुरकुरू दे. गेल्या हिवाळ्यात धुक्यामुळे विमान दुसरीकडे वळवावं लागलं. तिथेही रांग. उतरताना राखीव साठ्याला हात लागणार हे दिसताच मी मेडे फ्युएल म्हणालो. सगळे सुखरूप उतरले. बातमी टीव्हीवर गेली आणि साहेबांनी बोलावून घेतलं. एवढा गाजावाजा कशाला, म्हणाले.

"सर, पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. आणि वेळ न दवडता म्हणेन."

गावात कुणीतरी म्हणालं, फौजी असून घाबरला. हो, घाबरलो. माझ्यामागे दीडशे माणसं बसली होती.

त्याच आठवड्यात हेमराजच्या आईकडे, अक्काकडे जेवायला गेलो. भरीत होतं. पहिली भाकरी संपली तशी मी ताट पुढे केलं.

"अक्का, अजून एक भाकर दे."

तिने वाढली. हात ताटावरच थांबला.

"मन्हा पोऱ्यानी कधी मांगंच नही," ती म्हणाली.

मी ती भाकरी संपवली आणि आणखी एक मागितली.