विलायतेचं लोकमत

काबूलच्या अमिराशी लढाई जुंपायच्या आधीचे ते महिने आठवले की अजून माझं डोकं फिरतं. आमचं बिऱ्हाड तेव्हा ठाण्याला तळ्याजवळ होतं. हे वकिली करायचे. विलायतेची डाक आली की आमची ओसरी मास्तर, वकील आणि कचेरीतल्या कारकुनांनी भरून जायची. एकानं इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं, यांनी अर्थ सांगायचा आणि मग सगळ्यांनी मिळून भांडायचं. निम्मे तिथल्या उदार पक्षाचे, निम्मे सरकार चालवणाऱ्या जुन्या पक्षाचे. मत द्यायचा अधिकार एकालाही नव्हता. तरी एका उदार मास्तरांनी जुन्या पक्षाच्या कारकुनाकडचं श्राद्धाचं आमंत्रण परतवलं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते मी माजघरातून रोज ऐकत होते.

माझा पाठचा भाऊ कल्याणला होता, फौजेच्या रसदखात्यात कारकून. जनावरांसाठी गवत-दाण्याची खरेदी बघायचा. घरी नुकती नांदायला आलेली बायको. नवरात्रात तो आमच्याकडे आला तो उतरलेल्या तोंडानंच. खात्यात उंट-बैल जमवायला सुरुवात झाली होती, आणि लढाई झालीच तर कारकुनांनाही फौजेमागून जावं लागणार होतं. ठाण्याच्या कचेरीत एक जागा रिकामी होती. तिथल्या चिटणीसांपाशी यांनी एक शब्द टाकला असता तर काम होणार होतं.

हे हसले. म्हणाले, लढाई होतच नाही, विलायतेचं लोकमत विरुद्ध आहे, पार्लमेंट पैसा मंजूर करायचं नाही. वर उदार पक्षाच्या एका पुढाऱ्याचं भाषण काढून त्याला वाचून दाखवलं. भाऊ तरी घुटमळत उभा राहिला, तेव्हा खरं कारण बाहेर आलं.

"लढाई होणार नाही असं मी चारचौघांत सांगतो, आणि माझाच मेहुणा भिऊन नोकरी बदलणार? जुन्या पक्षाचे लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

भाऊ पडला भिडस्त. नमस्कार करून निघून गेला.

सासूबाईंच्या देखत मला बोलायची सोय नव्हती. वाढताना संधी साधून मी म्हटलं, "तुमचा कागद महिन्याचा शिळा आहे. उंट आज जमताहेत." यांनी भात कालवत सांगितलं की राजकारण म्हणजे लोणचं-पापड नव्हे. माझ्या हातातली पळी आपटली, तेवढंच. कचेरीतली ती जागा पुढे गेली कुणाला, तर लढाई व्हायलाच हवी म्हणून ओसरीवर टेबल बडवणाऱ्या वकिलांच्या भाच्याला. त्यांनी वेळेवर शब्द टाकला होता.

दिवाळी झाली आणि फौज सरहद्दीपलीकडे गेली. पार्लमेंट तेव्हा भरलेलंसुद्धा नव्हतं! सभासदांना मागाहून बोलावलं. त्यांची निषेधाची भाषणं आमच्या ओसरीवर पोहोचली तेव्हा भाऊ कराचीच्या बोटीत बसला होता, आणि तरी त्या शिळ्या कढीला ही मंडळी तासन्‌तास ऊत आणत बसली होती. पुढच्या उन्हाळ्यात क्वेट्याच्या वाटेवर तो पटकीनं गेला. भावजयीला मी माझ्याकडे आणलं. माझ्याहून कितीतरी लहान पोर ती, आलवण नेसून भिंतीकडे तोंड करून बसायची.

त्याच्या पुढच्या चैत्रात तारेनं बातमी आली की विलायतेत उदार पक्ष निवडून आला. ओसरीवर आनंदीआनंद. पेढ्यांचं ताट आत पाठवून यांनी हाक मारली की घरात सगळ्यांना एकेक पेढा द्या, आता लढाई थांबेल. भावजयीनं ते ऐकलं. मान वर न करता मला म्हणाली, "वन्सं, हे आधी होत नव्हतं का?"

मी आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांसमोर ओसरीवर गेले. ताट यांच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, "आत कुणी खाणार नाही. घरात सुतक आहे."

हे वरमले. हळूच म्हणाले, "अगं, सुतक फिटून किती दिवस झाले."

"तुमचं फिटलं."

मग कुणीतरी नव्या मंत्रिमंडळात कोण येणार याचा विषय काढला, आणि बोलता बोलता त्या मंडळींनीच ते ताट रिकामं केलं.