मागच्या सीटवरचा त्रिशूळ

देवाच्या कामाला निघालो होतो, पण माझ्या मनात देव नव्हता, घाट होता. हे लिहितानाही मान खाली जाते. गेल्या वर्षी मेंदूज्वराने मी अंथरुणाला खिळलो, तेव्हा बायकोने चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ वाहण्याचा नवस बोलला होता. मी बरा झालो, सेलूतले मोटारपंप दुरुस्तीचे दुकान पुन्हा उघडले, आणि शिवरात्रीच्या आधी नवस फेडायचे ठरले. आमच्याकडची माणसे बसने जातात, नाहीतर चार घरे मिळून जीप करतात. मी म्हटले, आपण मोटारसायकलने जाऊ. ती लगेच तयार झाली. नवऱ्याच्या अंगात ताकद आली, एवढाच अर्थ तिने घेतला असावा.

आजारपणात पडल्या पडल्या मी मोबाइलवर घाटांचे व्हिडिओ बघायचो. छिंदवाड्याच्या पुढे एक बसचा रस्ता आहे, रुंद आणि साधा. दुसरा जुना घाट, जंगलातून जाणारा, अरुंद, वळणावर वळण. मला तोच हवा होता. कुठे चढ आहे, कुठे पेट्रोल मिळेल, कुठे थांबून फोटो काढता येईल, सगळे मी पाठ केले होते. बायको नको म्हणेल म्हणून तिला सांगितले की बसच्या रस्त्याचे काम चालू आहे, बंद आहे. खोटे बोलायला मला काहीच जड गेले नाही.

नवसाचा त्रिशूळ घरातून एकदा उचलला की देवापाशीच टेकवायचा, मध्ये जमिनीला लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. मुक्कामाला तो खुंटीला टांगतात. गाडीला बांधू म्हटले तर तिला पटले नाही. पाय लागेल म्हणाली. म्हणून उंच त्रिशूळ एका हातात उभा धरून ती मागे बसली. सेलूपासून छिंदवाड्यापर्यंत सरळ रस्त्यावर ते निभले. घाट लागल्यावर मात्र प्रत्येक वळणाला तिचा दुसरा हात सीटची कड शोधायचा. मला ते पाठीला कळत होते. तरी मी गिअर बदलत होतो आणि गाडी कशी झुकते याच्या मजेत होतो.

अर्ध्या घाटात तिने खांद्यावर थोपटून गाडी थांबवायला लावली. उतरून कडेला ओकली. त्रिशूळ तेव्हाही तिने वरच धरला होता. तेवढ्यात मागून पायी जाणाऱ्या भगतांचा जत्था आला. महादेवाला जाणारे एकमेकांना भगतच म्हणतात. हिरवे लुगडे नेसलेली एक म्हातारी बायकोपाशी थांबली, तिला पाणी दिले आणि माझ्याकडे वळली.

"भगत, दोघं गाडीवर, आन इकून काऊन आले? बसचा रस्ता त मोकळा हाये. आमचा सामानाचा टेम्पो सकाळीच तिकून गेला."

मी गाडीचा आरसा पुसायला लागलो. बायकोने चूळ भरली. म्हातारीने तिच्या हातातून त्रिशूळ घेतला. "देवाचा हाये. कोणाच्याबी हातानं गेला तरी त्याच्यापाशीच जाते. तू तुह्या माणसाले धर. घाट उतरला का तिथं थांबजो."

बायकोने पहिल्यांदा दोन्ही हातांनी माझ्या कमरेला मिठी घातली. पुढे कुठल्याशा वळणावर बारीक गिट्टी पसरली होती. चाक सरकले आणि गाडी आडवी झाली. ती मला घट्ट धरून असल्याने आम्ही दोघे एकत्रच कडेच्या मातीत पडलो. गुडघे खरचटले, बाकी काही नाही. त्रिशुळाची टोके इतका वेळ माझ्या मानेमागेच होती, हे तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आले. मी यातून काही सिद्ध करत नाही. जे झाले ते सांगतो.

उतार संपतो तिथे रस्त्याच्या कडेला बसून आम्ही वाट पाहिली. मी कसेबसे म्हणालो, "रस्ता बंद नव्हता."

"मालूम हाये. दुकानात तुम्ही फोनवर दोस्ताले सांगून राह्यले होते, तवाच आयकलं म्या."

"मंग बोलली काऊन नाई?"

तिने गुडघ्यावरची माती झटकली. "तुम्ही दवाखान्यात होते तवा देवाले म्हटलं होतं, माह्या माणसाले पयल्यासारखं करून दे. पयल्यासारखं म्हणजे असंच त होतं."

एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

जत्था आला तेव्हा त्रिशूळ दुसऱ्याच बाईच्या हातात होता. सगळ्यांनी आळीपाळीने आणला, एकदाही खाली टेकू दिला नाही. हिरव्या लुगड्याची म्हातारी कुठे, विचारले. "पुढं गेली असन," कुणीतरी म्हणाले. आम्ही रस्त्यावरच बसलो होतो, आमच्यासमोरून कोणी गेले नव्हते. तिचे आभार मानायचे राहून गेले. चौरागडच्या पायऱ्या चढून देवापुढे त्रिशूळ ठेवला तेव्हा मी मनातल्या मनात तिलाच नमस्कार केला. घाटाचे प्रत्येक वळण मला ठाऊक होते. मागे बसणारीचे हात कुठे असतील, हे एकदाही मनात आले नव्हते. ते कोणीतरी पाहत होते. तेव्हापासून मला देवापुढे काही मागायला संकोच वाटतो. जे ठरवायचे ते त्याने ठरवावे, आपण सोबतच्या माणसाला विचारून चालावे, इतकेच कळले.

परतताना फाट्यावर गाडी थांबवली आणि विचारले, "कोणत्या रस्त्यानं जाऊ?" बसचाच म्हणेल, अशी माझी खात्री होती.

तिने घाटाकडे पाहिले. "इकूनच चला. येतानी मले काईच पाहता नाई आलं. आता माहे दोनी हात मोकळे हाये."