इंगळे मॅडमची शंभर उड्यांची अट

शाळेत खेळाचं नवीन साहित्य आलं की इंगळे मॅडम ते आधी स्वतः वापरून पाहायच्या. मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी मैदानातल्या लोखंडी आडव्या बारला एक पन्नाशी ओलांडलेली, अंगानं चांगली भरलेली बाई लोंबकळताना दिसली. अंगात सलवार-कमीज, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला गच्च आवळलेली. समोर सातवीच्या मुली रांगेत चिडीचूप. बाई लोंबकळत मोठ्यानं आकडे मोजत होत्या. साठ झाल्यावर उतरल्या, डाव्या खांबाच्या बुडाला एक लाथ घातली आणि म्हणाल्या, "हा हालते. मिस्त्री येईपर्यंत कोनी हात लावाचा नाही." मग माझ्याकडे वळून, मी कोण हे न विचारताच, मला दंडाला धरून बारजवळ नेलं आणि खांब हलवून बघायला लावलं. खरंच हलत होता.

आमची शाळा जानेफळहून थोडी आत, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात. मॅडम जवळच्याच एका खेड्यातल्या बौद्ध घरातल्या. वडील रस्त्याच्या कामावर मजूर होते. अशा घरातून निघून त्या थाळीफेकीत विभागापर्यंत खेळल्या, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि पाच गावांत त्यांचं नाव झालं. पण वजन ऐंशीच्या पुढं. खेळाची बाई एवढी जाड कशी, हा गावाचा आवडता विषय. स्टाफरूममध्ये त्यांचं नाव 'रोलर' होतं आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा एका सरांच्या तोंडून ते चुकून बाहेर पडलं. मॅडमनी चहाचा घोट घेतला. "रोलर हाय म्हनून तं ग्राउंड सपाट राह्यते, सर," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तो चहा त्या सरांना मात्र गोड लागला नसावा.

त्यांचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नसे. त्या स्वतः शाळेत असताना दोरावर चढायला घाबरत होत्या. शिक्षकांनी सांगितलं, काही होत नाही, चढ. दोर वरच्या कडीतून सुटला. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी विचारलं म्हणून. शेवटी म्हणाल्या, "'काही होत नाही' असं म्हननारा खाली उभा असते. पडनारं लेकरू येगळं असते."

मी लागून दुसरं वर्ष होतं तेव्हा शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानं परदेशातून एक लांबलचक खोकं पाठवलं. आत होते उड्या मारायचे स्प्रिंगचे पाय. पायाला बांधायची ॲल्युमिनियमची चौकट, गुडघ्याखाली पट्टा, पाऊल अडकवायला बुटासारखी खाच, मागच्या बाजूनं धनुष्यासारखी वाकलेली काळी पट्टी आणि खाली रबरी खूर. ते बांधले की माणूस हातभर उंच होतो आणि पट्टी दाबून सोडली की उसळतो. त्यानं ते कॉलेजात असताना वापरले होते. गावानं लगेच नाव ठेवलं, कांगारूचे पाय. संस्थेच्या अध्यक्षांनी तर ते पाहताच ठरवून टाकलं की वार्षिक समारंभात मुलांनी यावर उड्या मारायच्या. तो माजी विद्यार्थी पाहुणा म्हणून येणार होता. आठवीतली दिव्या कसरतीत तरबेज होती, तिचं नावही त्यांनीच सुचवलं.

मॅडम म्हणाल्या, पंधरा दिवस द्या, मी पाहून सांगते.

सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. ती घेऊन त्या माझ्याकडे प्रयोगशाळेत आल्या आणि शब्द न शब्द मराठीत करून घेतला. त्यात होतं की पट्टी माणसाच्या वजनानुसार निवडायची असते. हलका माणूस कडक पट्टीवर चढला तर ती वाकतच नाही, उलट त्याला फेकून देते. आमची जोडी सत्तर ते नव्वद किलोच्या माणसासाठी होती. मॅडम तडक दिव्याला आणि मला घेऊन भुसाराच्या दुकानातल्या काट्यावर गेल्या. दिव्या छत्तीस किलो. मग स्वतः चढल्या. एक्याऐंशी. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर त्यांनी तो आकडा मोठ्यानं वाचला आणि मला म्हणाल्या, "पाह्य वं पोरी, आख्ख्या शाळेत हे फक्त माह्याच मापाचे हायेत."

दुसऱ्या दिवसापासून त्या प्रार्थनेच्या आधी मैदानात. रंगमंचाच्या कट्ट्यावर बसून पट्टे आवळायच्या, गुडघ्यांना आणि मनगटांना जुन्या गादीचे तुकडे बांधायच्या आणि लिंबाच्या झाडाचा आधार घेऊन उभं राहायच्या. पहिल्या दिवशी कळलं की यावर स्थिर उभं राहता येत नाही, जागच्या जागी पावलं टाकत राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्या चार वेळा पडल्या. प्रत्येक वेळी मला वहीत लिहायला लावलं: कुठल्या बाजूला पडले, आधी काय टेकलं, परत उठायला किती वेळ लागला. पडल्यावर एकट्यानं उठणं जवळजवळ अशक्य, हेही लिहिलं. चांगलंही लिहायला लावलं. पट्टे पक्के आहेत, पाऊल हलत नाही, रबर ओल्या जमिनीवरही घसरत नाही.

कंपाउंडच्या भिंतीवर रोज माणसं जमायची. शेताला निघालेले मोटारसायकल उभी करून पाहायचे. कुणीतरी ओरडायचं, मॅडम, भूकंप होईल. त्या वळूनसुद्धा पाहायच्या नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी झाड सोडलं आणि मैदानाची पूर्ण फेरी मारली, मग उड्या मारू लागल्या. मी ते दृश्य कधी विसरणार नाही. एक्याऐंशी किलोची बाई, ओढणी कमरेला, जमिनीपासून दीड-दोन हात वर. खाली येऊन त्या घामानं डबडबलेल्या, हसत होत्या. "थाळी सोडताना असंच वाटे," म्हणाल्या.

तेराव्या दिवशी डाव्या पायातून 'कट' असा आवाज आला. त्यांनी लगेच बसून पट्टीवरून अंगठा फिरवला. एक बारीक कुसळ अंगठ्यात शिरलं. ती जोडी घेऊन त्याच दुपारी आम्ही दोघी मेहकरला एका मिस्त्रीकडे गेलो. जीप आणि ट्रॉल्यांचे स्प्रिंगचे पाटे बनवण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं पट्टीला शाई चोळली, पुसली, आणि केसासारखी एक निळी रेघ उरली. तो म्हणाला, हे लोखंड नाही, याला डाग देऊन जोडता येत नाही. उद्या मोडेल की महिन्यानं, सांगता येत नाही, पण मोडेल.

मॅडमनी अहवाल लिहिला. चार ओळी. जोडी मोठ्या माणसाची आहे. डाव्या पट्टीला चीर आहे. मुलांना देऊ नये. नवी पट्टी मिळाल्यास मोठ्यांना शिकवता येईल.

अध्यक्षांना राग आला. पत्रिकेत कार्यक्रम छापून झाला होता. त्यांनी मॅडमना बोलावून अहवाल बदलायला सांगितलं. मॅडमनी विचारलं, चीर बदलेल का? त्यावर अध्यक्षांनी समारंभाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिली. मी तासिका तत्त्वावर होते. माझ्या कायम मान्यतेचा प्रस्ताव त्याच आठवड्यात जायचा होता. माझ्यापुढे कागद आला: साहित्य तपासले, वापरास योग्य. कुणी दमदाटी केली नाही. फक्त प्रस्तावाची फाइल त्याच टेबलावर, त्या कागदाशेजारी ठेवलेली होती.

मी सही केली.

मी मनाला समजावलं की दिव्या चपळ आहे, दोनच मिनिटांचा कार्यक्रम आहे. संध्याकाळी मॅडम प्रयोगशाळेच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"केली का वं सही?"

मी मान हलवली. घरची अडचण सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुही मजबुरी मले समजते," त्या म्हणाल्या. "मी तुले दोष देनार नाही. पन दिव्या त्याच्यावर चढनार नाही, हे लिहून ठेव."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

समारंभाच्या सकाळी मैदान भरलं होतं. पाहुणे, अध्यक्ष, पालक. दिव्याचं नाव पुकारलं गेलं आणि कट्ट्यावरून इंगळे मॅडम उठल्या. पाय त्यांनी आधीच बांधले होते. पावलं टाकत त्या मंडपासमोर आल्या, मंचावरच्या माणसांच्या डोळ्यांच्याही वर त्यांचे डोळे होते. माइकची गरज त्यांना कधीच नव्हती.

"साहेब, कागदावर सामान योग्य हाय. तं माही एकच अट. आधी मी शंभर उड्या मारते. शंभर झाल्या अन् काही नाही झालं, तं मी सोता पोरीच्या पायाले हे बांधून देते."

अध्यक्षांना चारशे माणसांपुढं नाही म्हणता आलं नाही. पाहुणा तर टाळ्या वाजवू लागला, त्याला काहीच कल्पना नव्हती. मॅडम लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्याकडे गेल्या आणि सुरू झाल्या. दहापर्यंत लोक हसत होते. वीसनंतर मुली मोजू लागल्या, तीसनंतर सगळं मैदान. मी खड्ड्याच्या कडेला उभी होते. थांबा म्हणायचं होतं. एवढ्या माणसांत ती चीर स्वतः पाहिलेल्या मी आणि त्या अशा दोघीच होतो, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

त्रेसष्टाव्या उडीला पट्टी फुटली. आवाज फटाक्यासारखा झाला. मॅडम उजव्या अंगावर वाळूत कोसळल्या. सगळ्यांत आधी पाहुणा धावला, त्याच्या मागून मी. त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं, चेहरा पांढरा पडला होता. पाहुणा रडवेला होऊन माफी मागू लागला. त्या त्यालाच समजावत राहिल्या. "तुमची वस्तू चांगली हाय, भाऊ. लय मजा आली मले. फक्त मोठ्या मानसाची हाय, अन् जुनी झाली." मग दिव्याला जवळ बोलावून म्हणाल्या, कार्यक्रम कर, तुझ्या जमिनीवरच्या कोलांट्या कर, लोक थांबलेत.

दिव्यानं केल्या. रडत रडत केल्या, पण एकही चुकली नाही.

दवाखान्यात मी विचारलं, हे कशाला केलंत, नुसतं सांगितलं असतं तर? त्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाल्या, "सांगतलं तं होतं. लिहून देल्लं होतं." जीव धोक्यात घालायची गरज होती का, हे मला अजूनही ठरवता येत नाही. कधी वाटतं, होती. कधी वाटतं, मी वेळेवर तोंड उघडलं असतं तर नसती.

आठ दिवसांत त्यांना नोटीस आली. शाळेच्या मालमत्तेचं हेतुपुरस्सर नुकसान केल्याबद्दल कारणे दाखवा. उत्तर त्यांनी मला लिहायला सांगितलं, कारण हात गळ्यात होता. "लिही. नुकसान झालं हे खरं हाय. पट्टी अन् मनगट. पोरगी साबूत हाय." खाली त्यांनी डाव्या हाताची वाकडीतिकडी सही केली. ते पत्र पोचवायला गेले तेव्हा मी माझंही एक पत्र जोडलं: चीर माहीत असताना सही केली होती, ती मागे घेते. माझी मान्यता पुढं दीड वर्ष अडली. मॅडमनी त्याबद्दल मला शाबासकी दिली नाही की हळहळ दाखवली नाही. फक्त त्या दिवसापासून दुपारी माझा डबा उघडून त्यातली भाजी हक्कानं घेऊ लागल्या.

नोटिशीचं पुढं काही झालं नाही, पण फाइल बंदही झाली नाही. तीन वर्षांनी त्या निवृत्त व्हायच्या होत्या, तेव्हा अध्यक्षांचा निरोप आला की फाइलला दिलगिरीची एक ओळ लावा, संस्था थाटात सत्कार करील. मॅडमनी शिपायाला सांगितलं, साहेबाले म्हना, घरी शाली हायेत.

शेवटच्या दिवशी त्यांनी शेवटचा तास घेतला. पळण्याचा. घंटा झाल्यावरही दोघी मुली पळायच्या राहिल्या होत्या, त्यांना पळवलं, वेळ लिहिली, मग खांद्याला पिशवी लावून एसटीच्या थांब्यावर गेल्या. आख्खा वर्ग मागे. मेहकरच्या कॉलेजात शिकणारी दिव्याही आली होती. हार नाही, भाषण नाही. बस आली, त्या खिडकीशी बसल्या, आणि बस हलली तशा पोरी तिच्या मागे धावू लागल्या. मॅडमनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं.

"हात हालवा, हात! नुसत्या पायानं काऊन पळून राह्यल्या? मान वर!"

मीही पदर खोचला आणि धावत सुटले. मागून अध्यक्षांची गाडी आली होती, हॉर्नवर हॉर्न वाजत होता. फाटा येईपर्यंत आमच्यातल्या एकीनंही रस्ता सोडला नाही.