हौसाला मागं राहायचं होतं

मी शेळ्यांना पाला टाकत होतो. वाण्याच्या दुकानात दवाखान्यातनं फोन आला म्हणून पुतण्या पळत आला आणि माझ्या हातातला पाला काढून घेऊन स्वतःच शेळ्यांना टाकायला लागला... मी समजलो. आदल्या दिवशी हौसानंच मला कोल्हापूरच्या दवाखान्यातनं हाकलून दिलं होतं. "हितं बसून माझं तोंड काय बघताय? जनावरं उपाशी हायत. जावा घरला." माझ्या बायकोचं माझ्याशी हे शेवटचं बोलणं.

घरी आणल्यावर बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली. एकेक बाई पायाला हात लावून म्हणायची, "भाग्याची गं, कुंकवासकट गेली." शेजारची तानूबाई तर माझ्यापुढं बसून म्हणाली, "तात्या, रडू नगा. बाईला ह्यापरास काय पायजे? मनातलं झालं तिच्या." इतके आठवडे झाले, अजून पावणं येतात, चहा पितात आणि तेच म्हणून जातात. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं खपवलेलं मला सोसत नाही.

तिच्या मनात काय होतं ते ह्याच तानूबाईनं आपल्या कानानं ऐकलंय. वटपौर्णिमेला सगळ्या बायका वडाला सूत गुंडाळत होत्या. तानूबाईनं हिला विचारलं, "काय मागितलंस गं?" ही म्हणाली, "ह्यास्नी आदी ने, मग मला." बायकांनी तोंडाला पदर लावले. ही आपली सूत गुंडाळतेच आहे. "व्हय की. मी मागं ऱ्हायले तर चार शेळ्या राखून जगंन. हे मागं ऱ्हायले तर ह्यांचं बी हाल आणि जनावरांचं बी." संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. मी तणतणत घरी आलो. "मला मारायला निघालीस व्हय?"

ती अडुळशाची पानं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "मारत न्हाय. नंबर लावून ठेवलाय."

आणि तिचं चुकत नव्हतं. गोठ्याच्या कडेनं फुटक्या घमेल्यांत, तेलाच्या डब्यांत तिनं ओवा, वेखंड, गवती चहा, कोरफड, काय काय लावलं होतं. कुणाच्या पोराला खोकला झाला की गाव आमच्या दारात. एकदा ती माहेरी गेली तेव्हा मी बांधाचं गवत समजून तिचा अख्खा गवती चहा कापला आणि म्हशीला घातला. दुसऱ्या दिवशी डेअरीतला पोरगा दुधाचा वास घेऊन म्हणतो, "तात्या, आता साखर बी चारा की. आमाला नुसतं उकळायचं काम." हौसा आल्यावर हसली नाही. बुडखे बघत बसली आणि म्हणाली, "ह्या माणसावर मी कुणाला टाकून जाऊ?"

अशा बाईला तुम्ही भाग्याची म्हणता. खाटेवर पडून ती येईल त्या नर्सला विचारत होती, "घरला कवा सोडताय? माझी शेळी व्यायला झालीया." जिला घरी यायचं होतं, तिचं मनातलं झालं म्हणता... आणि ते मी मान खाली घालून ऐकून घ्यायचं?

ती दवाखान्यात गेल्यापासनं म्हस पान्हा चोरत होती. पेंड घातली, पाठ खाजवली, कासेला कोमट पाणी लावलं, पण कशाचा उपयोग नाही. मग एका सकाळी ध्यानात आलं. हौसा धार काढताना गप्प कधी बसायचीच नाही. माझ्या नावानं, शहरात राहणाऱ्या सुनेच्या नावानं, सगळं गाऱ्हाणं म्हशीच्या कानावर घालायची. मग मीही सुरू केलं. म्हटलं, ऐक बाई, लोकं म्हणतात ती भाग्याची. तिला तुझ्यापाशी ऱ्हायाचं होतं. मला धाडायचं होतं म्होरं, तीच गेली... बोलता बोलता हाताखालची कास भरली.

आता रोज असंच बोलतो. परवा तानूबाई ताकाला आली आणि दारातच थबकली.

"कुणाला सांगताय तात्या एवढं?"

"म्हशीला," मी म्हटलं. "ती ऐकून तरी घेती."