तिसरी खिडकी

मोठ्या हौसेने सेवेरिनने आपल्या मित्राला, इग्नात्सीला, क्राकोच्या मुख्य चौकाखालच्या तळघरातलं संग्रहालय दाखवायला नेलं. ते वर आले तेव्हा चर्चच्या मनोऱ्यावरून बाराचं ट्रम्पेट वाजून गेलं होतं. इग्नात्सी आला होता तो तेवढं ऐकायलाच, कारण गावच्या बंबवाल्यांच्या बँडमध्ये तीस वर्षं तो हीच धून वाजवत होता. आणि परतीची आगगाडी होती एक वीसची.

"तुझ्या फुटक्या मडक्यांनी माझं ट्रम्पेट खाल्लं!" इग्नात्सी करवादला.

चौकात पावाची गोल कडी विकणाऱ्या गेनोवेफाबाई हसल्या. बर्फ पडो की ऊन, तेवीस वर्षं त्यांची हातगाडी तिथून हललेली नाही. मनोऱ्याचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ.

"भांडता काय बाबांनो? दर तासाला वाजतं, चार दिशांच्या चार खिडक्यांतून. तिसरी पाहुण्यांची. ती तुमच्या स्टेशनच्या रस्त्याकडेच उघडते. तिथं ऐका आणि पळा. वाजवणारा हात हलवील, तुम्हीही हलवा. ती उधारी ठेवायची नसते."

एक वाजता दोघे त्या रस्त्यावर थांबले आणि तिसरी खिडकी उघडली. धून जुन्या रिवाजाप्रमाणे मध्येच तुटली. वरून हात हलला. सेवेरिनने दोन्ही बॅगा उचलल्या होत्या आणि इग्नात्सी रुमाल शोधत होता. खिडकी मिटली.

"हात राहिला रे!" पळता पळता इग्नात्सी म्हणाला.