भामाच्या टोपलीचं झाकण

मासळी घेताना तुम्ही आधी काय बघता? कल्ला. खरं ना? टोपलीत हात घालायचा, कल्ला उचकटायचा, पोट दाबायचं, नाक मुरडायचं आणि समोर बसलेल्या बाईच्या तोंडाकडे एकदाही बघायचं नाही. मग भामाची गोष्ट तुम्हीच ऐका.

भामा पनवेलच्या खाडीकाठची, आगरी. सकाळी मिठागरात राबायची आणि दुपार कलली की बंदराच्या धक्क्यावर गळ टाकून बसायची. नवरा जगन गेला, होडी दिराकडे गेली, हिच्या वाट्याला उरली जगनच्या गळाची दोरी. बाईने मासा विकावा, धरू नये, असं धक्क्यावरच्या बाप्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी काळूराम नावाचा जुना गळवाला तिला उठवायला आला. भामा जागची हलली नाही. म्हणाली, "खाडी तुज्या बापानं खनली काय रं?" तेव्हापासून धक्क्याचं टोक भामाचं.

स्वातंत्र्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. पौषातला शुक्रवार. सकाळी भामा मिठागराकडे निघाली, तेव्हा जोकबेदबाईंनी तिला आपल्या दारातच गाठलं. जोकबेदबाई बेने इस्रायल समाजाच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यू; मासळी नेहमी भामाकडूनच घ्यायच्या. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागायचा, मग घरात चूल पेटायची नाही. कालवण त्याआधी उतरायला हवं. आणि मासा हवा तो खवल्याचाच. बिनखवल्याचा त्यांच्या धर्मात चालत नाही.

"भामा, लेकीची सासू यायचीय मुंबईहून. पहिल्यांदाच येतेय. मासा चांगला आण हो."

"आनते," भामा म्हणाली.

झालं. शब्द गेला तो गेला. गरिबाच्या शब्दाला दस्तऐवज लागत नाही, आणि तो मोडायची चैनही त्याला परवडत नाही.

दुपारनंतर ती धक्क्यावर आली. गार वारा अंगातून आरपार जात होता. तिने कोळंबी गळाला लावली, दोरी सोडली. भरती चढत होती, पण मासा शिवेना. ऊन पिवळं पडलं. काळूराम शेजारून खाकरला.

"काय गो भामे, मासं पन थंडीनं गोधडी घेऊन निजलं काय?"

"तुजं तोंड उगडं हाय म्हनून पलालं."

बाकीचे हसले. तेवढ्यात दोरीला असा हिसका बसला की भामाच्या बोटांची साल निघाली. तिने पाय रोवले, दोरी हातावर गुंडाळत ओढली. वर आला तो चांगला हातभर, जाडजूड, मिशाळ मासा. शिंगाळा! अंगावर एक खवला नाही. भामाने पायाने दाबून त्याचे काटे मोडले, आणि नुसती बघत राहिली.

काळूराम जवळ सरकला. या खेपेला थट्टा नव्हती, त्याला खरंच वाटलं होतं.

"अगो, बगतंस काय? डोकं उडव, साल सोल, तुकडं करून दे. रश्शात कोन वलकतंय?"

"कोनी नाय वलकनार," भामा म्हणाली. "म्हनूनच नाय."

"येडी हायस. दिस चाललाय."

"ती बाय माज्या टोपलीचं झाकन उगडून बगत नाय, काळूराम. तुज्या टोपलीचं कोन उगडल्याबिगर ऱ्हातंय काय?"

भामाने शिंगाळा त्याच्या पुढ्यात सरकवला. "घे, तुज्या घरी चालंल." आणि दुसरी कोळंबी गळाला लावली.

ऊन धक्क्याच्या दगडांवरून उतरायला लागलं. आता निघालं नाही तर कालवण व्हायचं नाही. अखेर दोन तांबोश्या लागल्या. लालसर, खवल्याच्या, पण वीतभरच. भामाने टोपलीवर झाकण टाकलं, वरून फडकं बांधलं, पदर खोचला आणि बाजारातून अशी झपाझप चालत गेली की टांगेवाल्याने वाट दिली.

जोकबेदबाई दारातच उभ्या होत्या.

"बाय, मोठा नाय गावला. दोन बारक्या तांबोश्या हायत. तुमाला नको तर ऱ्हावं द्या."

"नको कशाला? दे इकडे." त्यांनी टोपली तशीच उचलली आणि आत वळल्या.

आतून मुंबईची विहीणबाई बोलली, मोठ्या आवाजात, बाहेर ऐकू जाईल इतक्या. "अहो, आधी उघडून बघा तरी! या लोकांचं काय सांगावं? खवल्याचा आहे ना?"

भामा ओट्यावर ताठ झाली. तोंडात जळजळीत उत्तर आलं होतं. ते बाहेर पडायच्या आत जोकबेदबाईंचा आवाज आला.

"भामाने आणलाय."

एवढंच. मग विळीचा आवाज आणि चुलीत लाकडं सरकल्याचा.

भामा तिथून निघाली ती मान वर करून. सोललेली बोटं झोंबत होती, संध्याकाळ गारठली होती, घरी तिला स्वतःला सुकटीवरच भागवायचं होतं. पण तिची चाल बघून कोणालाही वाटलं असतं, ही बाई सगळी खाडी विकत घेऊन आलीय. आणि का चालू नये तिने तसं? त्या घरात लेकीच्या सासूच्या तोंडावर तिचं नाव पुरावा म्हणून चाललं होतं.

उद्या तुम्ही मासळी बाजारात जाल. कल्ला बघा, हवा तर बघा, पैसे तुमचे आहेत. पण टोपलीत हात घालायच्या आधी समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघा आणि तिचं नाव विचारा.